मेट्रो कुठंय?

परवा संध्याकाळी ऑफिसातून निघालो, सव्वासहाची लोकल गाठायची होती म्हणून सीएसएमटीसमोरच्या फुटपाथवरून नेहमीच्या स्पीडने चाललो होतो, कानात इयरफोन, डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगची कटकट. तेवढ्यात एक पोरगा आडवा आला. असेल अठरा-एकोणीसचा. सॅक पाठीला न लावता पोटाशी धरलेली, पायात नवेकोरे पांढरे बूट, एका हातात बंद पडलेला मोबाईल आणि दुसऱ्या हातात चार घड्या घातलेला वहीचा कागद. "काका, मेट्रो कुठं हाय ओ?" मी इयरफोन काढला पण नाही, एका बाजूचा जरासा सरकवला आणि भुयारी मेट्रोच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "ते काय, समोर. खाली उतर." तो म्हणाला, "खाली?" मी म्हणालो, "हो हो, खाली." आणि निघालो. सगळं मिळून सात-आठ सेकंद. त्यातले दोन सेकंद त्याने मला काका म्हटल्याचं वाईट वाटण्यात गेले.

लोकल मिळाली, बसायलाही मिळालं, चौथी सीट का होईना. मस्जिद गेलं, सँडहर्स्ट रोड गेलं, आणि भायखळ्याच्या आसपास ते "खाली?" पुन्हा कानात वाजलं. ज्याला भुयारी गाडीत बसायचंय तो "खाली?" असं दचकून कशाला विचारेल? हा दचकला होता. म्हणजे त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की मेट्रो दिसते, लांबून दिसते, चुकायचं काही कारण नाही. आणि मग एकदम ट्यूब पेटली. तो पोरगा मेट्रो सिनेमा विचारत होता. धोबीतलावचा. ज्याला मुंबईतला जुना माणूस अजूनही नुसतं मेट्रो म्हणतो, "मेट्रोला भेट", "मेट्रोवरून डावीकडं घे", आणि ज्याला ही नवीन गाडी सुरू झाल्यापासून बिचाऱ्याला स्वतःच्याच नावाची चोरी झालीय. त्या कागदावर त्याच्या काकाने नाहीतर मामाने तेच लिहिलं असणार, मेट्रो, आणि मी पोराला जमिनीखाली पाठवला होता.

आणि तो शेवटचा "ओ". तो आमच्याकडचा आहे. मराठवाड्यात कुठंही जा, प्रश्नाच्या शेपटीला तो "ओ" लागतो, त्याने समोरच्याला मानही मिळतो आणि थोडी गळ पण घातली जाते. पंचवीस-सव्वीस वर्षं मुंबईत राहून माझा तो गेला, पण ऐकला तर ओळखू येतो. तरी परवा आला नाही.

कुठून आलास एवढंसुद्धा मी विचारलं नाही.

१९९८ चा उन्हाळा. दहावीची परीक्षा झाली होती, रिझल्ट जूनमध्ये, आणि अण्णांनी एका रात्रीत ठरवून टाकलं की याला मामाकडे मुंबईला पाठवा, इथं राहिला तर नुसता उंडारत बसेल. अंबाजोगाईत उंडारायला तरी काय होतं म्हणा. योगेश्वरीच्या देवळापासून मंडी बाजार, तिथून बसस्टँड, सायकल मिळाली तर मुकुंदराजाच्या समाधीपर्यंत, आणि दुपार काढायची असेल तर हत्तीखान्यात जाऊन त्या दगडी हत्तींच्या सावलीला बसायचं. एवढ्या टापूत निदान पन्नास माणसं अशी की ज्यांना मी ओळखत नव्हतो पण ती मला ओळखत होती. "कोणाचा रे तू?" हा आमच्या गावचा राष्ट्रीय प्रश्न. नाव विचारायचं नाही, कोणाचा ते विचारायचं. अण्णा शाळेत मास्तर, त्यामुळे उत्तर दिलं की पुढचं सगळं आपोआप, हां हां, मास्तरांचा धाकटा का, गणितात किती पडले, आणि इकडं कुठं चाललास? मी घरी पोचायच्या आधी मी कुठं दिसलो ही बातमी घरी पोचलेली असायची. सिगरेट वगैरे सोडाच, दोनदा उसाचा रस प्यायलो तरी आईला कळायचं. तर असा मी रात्रीच्या लाल एसटीत बसलो, खिडकीच्या काचेच्या खडखडाटात झोपलो आणि पहाटे साडेपाचला दादरला उतरलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती घाम. आमच्याकडं एप्रिलमध्ये ऊन भाजून काढतं, पण शर्ट कोरडा राहतो. इथं सूर्य उगवला पण नव्हता आणि बनियन पाठीला चिकटलेलं.

मामा नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे. खोली १६० चौरस फुटांची. हा आकडा मला नंतर पेपरमध्ये कळला, तेव्हा मला ती मापायची तर पाच माणसं, एक कपाट, एक लोखंडी कॉट आणि मोरी अशी कळली होती. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्हीकडं दहा-दहा दारं, आणि दारं कायम उघडी, पडदे तेवढे हलतायत. पहिले दोन दिवस मला वाटलं की हे काय, इथं तर आमच्या गावापेक्षा जास्त लोकांना माझं सगळं कळणार. कळलं पण. मी "मी खाली जायलोय" म्हणालो की मामेभावाचे दोस्त पोट धरून हसायचे, मग मला मुद्दाम विचारायचे, काय करायलास, कुठं जायलास, आणि मी चिडून बोलणंच बंद करायचो. तरी त्या पॅसेजने मला एक गोष्ट दिली जी मी कोणत्याच मोठ्या घराच्या बदल्यात देणार नाही. शारजाची मॅच. २२ एप्रिलची, वाळूचं वादळ आलं होतं ती, सचिन १४३. रात्री उशिरापर्यंत चालली, आणि आमच्या मजल्यावर जितके टीव्ही होते तेवढ्या सगळ्यांवर तीच, त्यामुळे एका टोकाच्या संडासातून निघून दुसऱ्या टोकाला घरी येईपर्यंत एकही बॉल चुकायचा नाही, प्रत्येक दारातून कॉमेंट्रीचा पुढचा तुकडा यायचा. दोन दिवसांनी त्याच्या वाढदिवसाला फायनलला १३४, तेव्हा तर लोक पॅसेजमध्येच येऊन उभे राहिले, मामी हातात लाटणं घेऊन. मी कोणाचा हे त्या रात्री कोणी विचारलं नाही, एका अनोळखी आजोबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पेढा तोंडात कोंबला.

पण ते चाळीत. चाळीच्या बाहेर पडलं की वेगळंच.

मामांनी पहिल्या आठवड्यात मला दोनदा सोबत नेलं, लोकलचा पास काढून दिला आणि म्हणाले, आता एकटा हिंड. एका सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून लागलेला माणूस, स्वतः अठराव्या वर्षी असाच आलेला, त्यामुळे त्यांच्याकडं हिंडायची एक पद्धत होती आणि ती त्यांनी मला रात्री जेवताना, आमटीत भाकरी कुस्करत, नीट समजावून सांगितली होती. पाट्या वाचायच्या नाहीत. पाटीवर जे लिहिलेलं असतं ते कोणी म्हणत नाही आणि जे म्हणतात ते पाटीवर नसतं. माणसाला विचारायचं. एकाला नाही, दोघांना, आणि दोघांचं जुळलं तरच पाऊल उचलायचं. आणि मुख्य म्हणजे बसलेल्या माणसाला विचारायचं. पानवाला, पेपरवाला, बूटपॉलिशवाला, वॉचमन. "चालणाऱ्याला कधी विचारू नको. तो घाईत असतोय. तो तुला कायतरी सांगून मोकळा होतो. बसलेल्याला कुठं जायचं नसतंय, तो विचार करून सांगतो." संध्याकाळी मी परत आलो की ते काय बघितलं हे विचारायचेच नाहीत. कोणाला विचारलं ते विचारायचे.

पाट्यांचं ते म्हणत होते ते अगदी खरं होतं. आमच्याकडं मंडी बाजारात बाजार भरतो आणि हत्तीखान्यात हत्ती आहेत. इथं चर्चगेटला गेलो तर गेट नाही. किल्ल्याचा दरवाजा होता म्हणे, १८६० नंतर इंग्रजांनी फोर्टच्या भिंती पाडल्या त्यात गेला, नाव राहिलं. धोबीतलावला तलाव नाही, बुजवला. फोर्टात फोर्ट नाही. पहिले काही दिवस स्टेशनवरच्या इंडिकेटरवर "एस" दिसला की मी सायन समजून गाडी सोडून द्यायचो, तो स्लोचा एस असतो हे कळायला आठवडा गेला. आणि काळा घोडा! मी एक अख्खी दुपार काळा घोडा शोधण्यात घालवली. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर उन्हात इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी मामांच्या नियमाप्रमाणे एका बसलेल्या शेंगदाणेवाल्याला विचारलं, घोडा किधर है? तो म्हणाला, गया. मी म्हटलं, किधर गया? तो म्हणाला, राणीबाग. मला वाटलं गावाकडचा पोरगा बघून खेचतोय. म्हटलं ठीक आहे, आणि तसाच म्युझियमच्या कडेने चालत ॲपोलो बंदरला जाऊन समुद्राकडं तोंड करून बसलो.

समुद्राचं पण सांगायला पाहिजे. पहिल्यांदा समुद्र बघितला तो दादर चौपाटीला, मामेभावाबरोबर. माझ्या डोक्यात कॅलेंडरवरचा होता, निळा, लाटावाला. आम्ही पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी. लांबपर्यंत काळपट चिखल, त्यात बुडबुडे, चार कावळे, एक उलटी चप्पल, आणि पाणी कुठंतरी पार तिकडं, राखाडी. कुजलेल्या माशासारखा वास. आता मी ज्या भागातून आलो होतो तिथं मे महिन्यात पाणी मागं सरकलेलं दिसलं की त्याचा अर्थ एकच असतो. मी अगदी काळजीने म्हणालो, "आटलं का रे?" झालं. "याच्या गावात समुद्र आटतो" हे महिनाभर चाळीच्या चारही मजल्यांवर चाललं. मी पण हसलो. पण त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं, अंतर्देशीय, कडेकडेने उभं लिहिलेलं, नळाला आठ दिवसांआड येतंय, टँकरला नंबर लावावा लागतो, तू मात्र तब्येतीला जप. ते मी पॅसेजमध्ये उभा राहून वाचलं. समोरच्या मोरीत मामीने सकाळचं पिंप भरायला लावलं होतं आणि ते भरून वर वाहत होतं. पाणी रोज यायचं, ठरल्या वेळेला, शहाड-आसनगावच्याही पलीकडच्या तानसा-भातसाच्या तलावांवरून पाइपातून इतक्या लांब येऊन नायगावच्या मोरीत सांडायचं. मी जाऊन नळ बंद केला. मामी म्हणाली, अरे राहू दे, आत्ता जाईलच. मला काय झालं होतं ते तिला सांगता आलं नाही.

सांगायचं म्हणजे त्या शहरात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर कोणी विचारत नाही हे. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर मी तीन-तीन तास बसायचो. माझ्या डावीकडं प्रेमात पडलेले दोघं, उजवीकडं ऑफिस सुटलेला कोणी बूट काढून पाय हवेला देऊन बसलेला, मधे मी, आणि कोणाला माझ्याशी घेणंदेणं नाही. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट धरून मी शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो आणि त्याच बसने परत यायचो. पुढच्या खिडकीतून वारा असा यायचा की डोळ्यात पाणी, झाडाच्या फांद्या काचेला फटाफट लागायच्या, आणि कंडक्टर वर आला की हातातला चिमटा टिकटिक वाजवत नुसतं माझ्या हाताकडं बघायचा, तोंडाकडं नाही. तो पैशाकडं बघायचा आणि तिकिटाला भोक पाडून निघून जायचा. मला ते किती भारी वाटायचं! मी कोणाचाच नव्हतो. मी तिकीट काढलेला एक माणूस होतो.

मग राणीच्या बागेचा दिवस आला. मेचा दुसरा आठवडा असेल, पोखरणला स्फोट झाले होते आणि लोकलमध्ये सगळे तेच बोलत होते. मी भायखळ्याला उतरलो, बाग बघितली, प्राणी बिचारे उन्हाने अर्धमेले पडले होते, आणि म्युझियमच्या बाजूला आलो तर तिथं एक दगडी हत्ती. घारापुरीचा. याच्यामुळेच पोर्तुगीज त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. पुढं इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं होतं, उचलताना तो तुटला, मग तुकडे पुन्हा जोडून इथं उभा केला. जवळ गेलं की सांधे दिसतात. मी आमच्या हत्तीखान्यातल्या हत्तींना इतक्या वेळा टेकून बसलो होतो की पाठीला त्या दगडाची खरबरीत ऊब कशी लागते ते मला पाठ होतं. हात लावावासा वाटला. लावला पण. गरम होता. आणि मग तिथंच मागच्या बाजूला गेलो तर काय, घोडा! काळा, ब्राँझचा, वर बसलेला सातवा एडवर्ड. १९६५ साली फोर्टातून उचलून आणून ठेवलेला. शेंगदाणेवाल्याने खेचली नव्हती, पत्ता बरोबर दिला होता. मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि मी खरोखर आजूबाजूला बघितलं. एक बाई पोराला दूध पाजत होती. माळी पाइप गुंडाळत होता. सांगायला कोणीही नव्हतं.

परत येताना स्टेशनजवळ माझ्या चपलेचा अंगठा तुटला. दुपारचे दोन. डांबर असं तापलेलं की पाय टेकवत नाही. एक चप्पल हातात, एक पायात, लंगडी घालत मी त्या गर्दीतून चाललो होतो आणि शेकडो माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली, अंगावर न आदळता, अगदी सराईतपणे, जसं पाणी दगडाला वळसा घालून जातं. एकानेही माझ्या पायाकडं बघितलं नाही. आमच्या मंडी बाजारात हेच झालं असतं तर दहा जणांनी हाका मारल्या असत्या, अर्ध्यांनी हसून घेतलं असतं, कोणीतरी स्वतःची चप्पल देऊन "जा, उद्या आणून दे" म्हणालं असतं आणि रात्री आईला सगळं माहीत. मला तेच तर नको होतं ना? मग रडू का येत होतं ते मला त्या वयात कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आताही नीट सांगता येत नाही.

मेट्रोचा दिवस त्यानंतरचा. मामा सकाळी निघताना म्हणाले, "पाच वाजता मेट्रोला ये, मी ऑफिसातून येतो, तुला ब्रुन मस्का खायला घालतो." मी सीएसटीला उतरलो (तेव्हा नाव बदलून दोनच वर्षं झाली होती, मामा व्हीटीच म्हणायचे), दारावरचे सिंह आणि वाघ बघून घेतले आणि महापालिकेच्या इमारतीपाशी विचारायला बसलेला माणूस शोधायला लागलो. पुढं फुटपाथवर एक चावीवाला बसला होता. लोखंडी रिंगमध्ये शेकडो चाव्या, पुढ्यात छोटासा शेगडा, हातात कानस. तो एक चावी घासत होता आणि त्याच्या मांडीवरच्या फडक्यावर पितळेचा पिवळा भुगा पडलेला, बोटांच्या पेरांत पण तोच, नखांच्या कडा चमकत होत्या. गिऱ्हाईक समोर उभं. मी विचारलं, "मेट्रो कुठं हाय ओ?"

त्याने कानस खाली ठेवली.

"कुठनं आलास?" म्हणाला. मी अंबाजोगाई सांगितलं. "कोणाकडं?" मामाकडं. "मामा काय करतात?" मला राग आला. अहो एवढ्या लांब मी हेच चुकवायला आलो होतो आणि पावणेदोन महिन्यांत पहिला माणूस भेटला तो पण हेच विचारणारा. मी तुटकपणे काहीतरी सांगितलं. तो गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणून उठला, गुडघे धरून, आणि माझ्याबरोबर चालायला लागला. आझाद मैदानाच्या कडेने, मैदानात पोरं तीन-चार मॅचेस एकमेकांत घुसवून खेळत होती, एकाच्या पॉइंटला दुसऱ्याचा मिडऑन. तो बोलतच होता, तो पण घाटावरचा, त्याचा पण मामा होता, मी हं हं करत होतो आणि लवकर संपू दे म्हणत होतो. एका जागी तो थांबला, माझ्या खांद्याला धरून मला थोडा वळवला आणि म्हणाला, "वर बघ. ती कोपऱ्यावरची. तीच मेट्रो. आता चुकायचं म्हटलंस तरी चुकत नाहीस." आणि माघारी गेला. मी थँक्यू पण म्हणालो नाही. माझ्या शर्टावर खांद्याशी पितळेचा ठसा उमटला होता, मामीने दोनदा धुतला तरी गेला नाही पूर्ण.

मामा आले, समोरच्या कयानीत नेलं, संगमरवरी टेबल, वाकड्या लाकडाच्या खुर्च्या, चहात ब्रुन बुडवला की वर लोण्याचे पिवळे गोळे तरंगायचे. रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, कोणाला विचारलं? मी सांगितलं, चावीवाला, आणि म्हणालो, लई प्रश्न विचारतो. मामा हसले. म्हणाले, तुला पोचवलं का नाही? मी म्हटलं, पोचवलं. मग झालं तर, म्हणाले, आणि माझ्या प्लेटमधला अर्धा ब्रुन उचलून खाल्ला.

जूनमध्ये रिझल्टच्या आधी गावी परत गेलो. एसटीतून उतरलो तेव्हा पहिला पाऊस पडून गेलेला, स्टँडवर लाल चिखल, आणि हमालापासून रसवंतीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. "कवा आलास? मुंबईला होतास म्हनं?" चिडचिड झाली आणि हायसं पण वाटलं, दोन्ही एकदम, गरम दुधावर गार साय यावी तसं. पुढं शिक्षण, नोकरी, परत मुंबई, आता इकडंच. डबलडेकर गेल्या, म्हणजे एसीवाल्या आहेत, पण ती पुढची उघडी खिडकी आणि तो वारा असलेल्या जुन्या २०२३ मध्ये बंद झाल्या. चाळ रिकामी झाली, मामेभाऊ ट्रान्झिटमध्ये, ५०० फुटांच्या घराची वाट बघतोय. काळ्या घोड्याला २०१७ मध्ये नवीन घोडा मिळाला, पण त्याच्यावर कोणी बसलेलं नाही. मामा रिटायर होऊन गावी गेले.

तर परवा नाही, काल. काल मी मुद्दाम लोकल सोडली आणि महापालिका मार्गाने चालत मेट्रोपर्यंत गेलो. काय मिळणार होतं माहीत नाही. तो पोरगा काय चोवीस तास तिथं उभा राहणार होता? कोपऱ्यावर थांबून वर बघितलं. १९३८ ची इमारत, आता आत मल्टिप्लेक्स, पण कोपरा तोच. जाताना मनाची समजूत पण घातली होती की भुयारी मेट्रोत बसलाच असेल तर सीएसएमटीनंतर पुढचं स्टेशन काळबादेवी, म्हणजे चुकून का होईना तो इथं जवळच बाहेर आला असेल, फक्त उलट्या दिशेच्या गाडीत बसला नसेल तर. आणि बसला असेल तर कफ परेड. बंद पडलेला मोबाईल घेऊन. चावीवाला बसायचा ती जागा पण शोधली, तिथं आता रेलिंग आहे.

रात्री मामांना फोन लावला. बाहत्तरीला आलेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे ओरडून सगळं सांगावं लागलं, पोरगा, कागद, जिना, "खाली?", सगळं. घरातले माझ्याकडं बघायला लागले. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तू बसला होतास का चालत होतास?"

"चालत होतो."

थोडा वेळ पलीकडून काहीच नाही, नुसता त्यांच्या टीव्हीचा आवाज.

"मग त्या पोराचंच चुकलं की," मामा म्हणाले. "चालणाऱ्याला कशाला विचारलं त्यानं?" आणि नळाला पाणी आलंय, मोटर लावायचीय, म्हणून फोन ठेवून दिला.